हिवाळ्यात न वाढणारी मुलं

मी जव्हारला गेले ती शी गोळा करायला. प्रवासवर्णनाची सुरुवात घाट, धुकं आणि गरम चहा अशी करायची असते हे मला ठाऊक आहे. पण सजवून सांगण्याच्या नादात मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे, म्हणून या वेळी खरं ते आधी सांगते. जानेवारीचा दुसरा आठवडा होता, गाडीच्या डिकीत दोन निळ्या शीतपेट्या होत्या आणि त्यांत लहान मुलांच्या शीचे नमुने ठेवायच्या झाकणाच्या डब्या. प्रत्येक डबीसोबत एक लाकडी चमचा. चमच्यांवर युरोपातल्या कारखान्याचा शिक्का होता. जव्हारला लाकूड मिळणार नाही असं आमच्या खरेदी विभागाला वाटलं असावं.

मी मूळची मिरजेची. मिरजेत जन्मलेल्या माणसापुढे दोनच वाटा असतात, डॉक्टर व्हायचं नाहीतर तंबोरे बनवायचे. मी तिसरी काढली: डॉक्टर होऊन पेशंटला हात लावायचा नाही. चौदा वर्षं मी परदेशातल्या एका विद्यापीठात बसून जगातल्या गरीब मुलांच्या वाढीचा अभ्यास करत होते. याला जागतिक आरोग्य म्हणतात. यातलं जग म्हणजे आपण जिथे राहत नाही तेवढंच.

त्या जगातला माझ्या वाट्याला आलेला तुकडा म्हणजे जव्हार आणि मोखाडा तालुक्यातले काही पाडे. तिथल्या पाच वर्षांखालच्या मुलांची उंची आणि वजन दर महिन्याला मोजून टॅबलेटवर भरलं जाई आणि ते आकडे समुद्र ओलांडून माझ्या टेबलावर येत. त्या आकड्यांत मला एक शोध लागला होता. ही मुलं हिवाळ्यात वाढायची जवळजवळ थांबतात आणि पावसाच्या तोंडावर एकदम उसळी मारतात. मी त्याला 'हिवाळी विराम' असं नाव दिलं. त्यावर एक निबंध लिहिला, उसळीवर दुसरा लिहिला. परिषदांमध्ये लोक चहाच्या टेबलाशी येऊन मला विरामाबद्दल विचारू लागले. माझी बढती झाली, खिडकी असलेली खोली मिळाली. थंडीत मुलांच्या आतड्याला सूज येत असणार, असा माझा तर्क होता. आता तो सिद्ध करायचा होता आणि आतड्याचा पुरावा कुठून निघतो ते सगळ्यांनाच माहीत आहे.

त्याआधी मी त्या भागात एकदाच गेले होते, ऑगस्टमध्ये, उद्घाटनाला. नारळ फोडला, दोन तास थांबले आणि छत्री विसरून आले.

जव्हार

लॉजच्या भिंतीभिंतीवर वारली चित्रं काढलेली होती. जेवणघरात लग्नाचा चौक, जिन्यात भातलावणी आणि न्हाणीघरात गिझरच्या बटणाभोवती फेर धरलेला तारपा नाच. बटण दाबायचं म्हणजे तारपावाल्याच्या पोटात बोट घालायचं. लॉजचे मालक अण्णा म्हणून ओळखले जात. साठीचे, गळ्यात मफलर, आणि पाहुण्याच्या सामानात रस घेणारे. पेट्या बघून त्यांनी अंदाज बांधला की पापलेट असणार. मी खरं काय ते सांगितलं. अण्णा पेट्यांपासून दोन पावलं मागे सरकले. मग म्हणाले की त्यांच्या फ्रीजमध्ये दही असतं, त्यामुळे तो विषय संपला. जाता जाता जिन्यावर थांबून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तिकडे मिळत नाही का?"

प्रकल्पाचं ऑफिस एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं, दोन खोल्यांचं, शाळेच्या कपाटासारखं नीटनेटकं. ते सांभाळत रमाकांत सर, त्या उद्घाटनानंतर नेमलेले. पन्नाशीचे, जव्हारातच वाढलेले, बोलण्यात कमालीचे सौम्य. गेली सहा वर्षं मी त्यांना रोज ईमेल लिहीत होते आणि त्यांच्या आवाजाची कल्पनाही मला नव्हती. त्यांनी माझं स्वागत पेढ्यांनी केलं आणि लगेच राजवाडा बघायला चलायचं का असं विचारलं. मी म्हटलं, आधी पाडे. ते म्हणाले, आज राजवाडा बघून घेऊ, पाडे उद्या बघू. उद्या आला तेव्हा सनसेट पॉइंट निघाला. तिथे नाशिकहून आलेली बारा-पंधरा माणसं सूर्याकडे पाठ करून सूर्यास्ताचे फोटो काढत होती. रस्त्याकडेला एक बाई स्ट्रॉबेरी विकत होती. जव्हारात स्ट्रॉबेरी पिकते हे मला माहीत नव्हतं. इथल्या मुलांच्या पोटात काय जातं यावर मी सहा वर्षं व्याख्यानं देत होते.

रमाकांत सर दोन दिवस एकच वाक्य वेगवेगळ्या चालींवर म्हणत होते: मॅडम, जूनमध्ये आला असतात तर. मला वाटलं, त्यांना मला धबधबे दाखवायचे आहेत. पावसात हा भाग सुंदर दिसतो असं सगळेच सांगतात. मी समजावलं की मला हिवाळाच हवा आहे, माझा सगळा विषयच हिवाळा आहे. त्यावर त्यांनी मान हलवली आणि आणखी एक पेढा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेट्या जीपमध्ये स्वतः चढवल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

खोडाळा

खोडाळ्याला बाजारात जीप थांबली आणि सुगंधा भोये मागे चढली. खोडाळ्यापासून दाभोशापर्यंतच्या पाड्यांवरची मुलं मोजायचं काम पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होतं. चाळिशीची, बुटकी, काटक, पायात रबरी चप्पल, पाठीशी कापडात गुंडाळलेली मोजायची फळी. माझ्याकडे येणाऱ्या आकड्यांच्या प्रत्येक ओळीपुढे मापकाचा क्रमांक असे आणि चौथा क्रमांक तिचा होता. म्हणजे मी तिला सहा वर्षं ओळखत होते, फक्त ती माणूस आहे हे कळलं नव्हतं.

"मॅडम, तू चहा घेतला का?" तिने विचारलं.

रमाकांत सरांनी दचकून मागे बघितलं. मला मात्र बरं वाटलं. इथे घरात बोलली जाते ती भाषा वेगळी आणि तिच्यात देवाला, नवऱ्याला आणि तहसीलदाराला सारखंच 'तू' असतं. मी राहते त्या शहरात शेजारणीला 'तुम्ही'वरून 'तू' म्हणायला मला चार वर्षं लागली आणि त्या दिवशी आम्ही केक कापला होता.

खोडाळ्याहून पुढे रस्ता संपला, मग चाकोरी संपली. कापणी झालेली भातखाचरं उतरणीवर पायऱ्यांसारखी पडली होती. झाडांच्या बेचक्यांत पेंढा रचून ठेवलेला. हवा अशी स्वच्छ की पलीकडच्या डोंगरावरची गाय मोजता यावी. पाड्यावर पोचलो आणि मी डब्या काढून ओळीने मांडल्या. मग आजूबाजूला बघितलं.

पाड्यावर कुणी नव्हतं. कुडाच्या घरांची दारं ओढलेली होती आणि त्यांना काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. कोंबड्या नाहीत, धूर नाही, दोरीवर कपडे नाहीत. एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या आणि एक आजोबा कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. माझ्या यादीप्रमाणे या पाड्यावर एकोणीस मुलं होती. आठच दिवसांपूर्वी त्यांची उंची मोजल्याची नोंद माझ्या लॅपटॉपमध्ये होती.

मी विचारलं, मुलं कुठे आहेत. सुगंधाने रमाकांत सरांकडे बघितलं. रमाकांत सरांनी जीपच्या टायरकडे बघितलं. उत्तर आजोबांनी दिलं.

"जगायला गेलीत."

मला अर्थ लागेना. जगायला कुठे जायचं असतं? आजोबांनी दांडा बाजूला ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. भात झोडून झाला, दिवाळी झाली की घरातली कामाची माणसं खाली जातात, वाड्याकडे, भिवंडीकडे, वीटभट्टीवर. पोरं कुणापाशी ठेवणार, ती बरोबरच जातात. पाऊस जवळ आला की घरं शाकारायला परत. त्याला इकडे जगायला जाणं म्हणतात. मागे उरतात ती जगून झालेली माणसं, असं म्हणून आजोबा हसले. त्यांना तीनच दात होते.

संगणक नसताना माझं गणित कच्चं आहे, पण हे बोटांवर जमण्यासारखं होतं. दिवाळीनंतर थांबायचं, पावसाच्या तोंडावर उसळी मारायची. मी मांडलेल्या डब्यांकडे बघितलं. आजोबांनीही बघितलं, त्या कशासाठी आहेत ते सुगंधाला विचारून घेतलं, आणि इतक्या लांबून आलेल्या बाईने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून स्वतःचा नमुना द्यायची तयारी दाखवली. वयाच्या अटीत बसत नसल्यामुळे मी आभार मानून नाही म्हटलं.

दाभोसा

दुसऱ्या दिवशी मी रमाकांत सरांना जव्हारातच ठेवलं आणि एकटीच सुगंधाच्या घरी दाभोशाला गेले. धबधबा बघायला लोक इथे येतात. जानेवारीत तो एखाद्या थकलेल्या नळासारखा पडत होता. खाली नदीत मात्र पाणी होतं आणि दोन बाया कपडे धूत होत्या. वाटेत मी बोलायची वाक्यं मनात रचून ठेवली होती. चौकशी कशी करावी याचं आमच्याकडे प्रशिक्षण असतं. आवाज शांत ठेवायचा, आरोप करायचा नाही, मोकळे प्रश्न विचारायचे.

सुगंधा चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होती. मी मोकळा प्रश्न विचारायच्या आत ती उठली, तांदळाच्या कणगीमागे हात घालून एक जाड वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग पुन्हा भाकरीला बसली.

शाळेची लांब वही होती, पाठपुठ्ठा गेलेला. प्रत्येक पानावर एक मूल. वर माझ्या यादीतला क्रमांक, त्याखाली नाव, आणि मग दर हिवाळ्याचा हिशेब: कुणाबरोबर गेलं, कुठल्या भट्टीवर, कधी परतलं, तिकडे काय आजारपण झालं, परतल्यावर उंची किती भरली. मी अधाशासारखी पानं उलटत गेले. एकशेसतरा नंबर शोधला. त्या मुलाच्या वाढीचा आलेख म्हणजे हिवाळी विरामाचा आदर्श नमुना होता. पायरीसारखा सुबक. मी तो निरनिराळ्या देशांतल्या पडद्यांवर दाखवला होता आणि एकदा टाळ्याही पडल्या होत्या. वहीत लिहिलं होतं: रोशनी. आई यशोदा. वाड्याच्या खाली भट्टी, मामाबरोबर. थंडीत ताप, तिकडंच दवा. होळीला आले नाहीत.

सुगंधाने भाकरी पलटत सगळं सांगितलं. टॅबलेटवर महिन्याची नोंद रिकामी सोडता येत नव्हती. रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडत नसे आणि उघडलं नाही तर इतर मुलांचीही नोंद होत नसे. मागच्याच महिन्याचा आकडा पुन्हा टाकला तर लाल पट्टी येऊन फॉर्म अडे. म्हणून ती एकदोन मिलिमीटर वाढवून टाकायची. सहा-सात महिने असं थोडं थोडं. मूल परत आलं की खरी उंची मोजून भरायची. माझा विराम असा जन्मला होता, आणि माझी उसळीही.

पण न मोजण्याचं कारण निवडायची सोय फॉर्मवर होती, मी म्हटलं. ती मीच ठेवली होती.

"मॅडम, तुझ्या टॅबलेटात तीनच जागा व्हत्या," सुगंधा म्हणाली. "मेला, कायमचा गेला, आईबाप नाय म्हणले. आमचं पोर तिघांतलं एकपण करीत नाय."

आणि 'कायमचा गेला' दाबलं असतं तर? तर नाव यादीतून उडालं असतं. यादीतल्या मुलांना प्रकल्पाचा डॉक्टर महिन्याला तपासायचा, औषध द्यायचा. उडालेलं नाव परत चढत नसे, कारण भरती फक्त जन्मल्याबरोबर होत असे. तिने पहिल्या हिवाळ्यात एका मुलाचं असं बटण दाबलं होतं. जूनमध्ये ते मूल खोकत परत आलं तेव्हा डॉक्टरने यादी बघून त्याला रांगेतून काढलं. त्यानंतर तिने ते बटण दाबलं नाही.

आता मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. तसं झालं नाही. मला राग आला. या बाईने चुलीपुढे बसून माझी खिडकीची खोली, माझे दोन निबंध आणि माझं नाव भाजून काढलं, एवढंच डोक्यात होतं. प्रशिक्षण विसरून मी आवाज चढवला. "हे खोटे आकडे आहेत. एवढं तरी कळतं का तुला?"

तिने निखाऱ्यावरची भाकरी काढली, राख झटकली आणि टोपलीत ठेवली.

"कळतं," ती म्हणाली. "म्हणून वहीत खरं लिवलं."

तिने ताट वाढलं. उडदाची आमटी, भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. मिरजेत आमच्या घरी रागावलेलं माणूस जेवत नाही, तशी पद्धतच आहे. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. नागलीची भाकरी रागात फार चांगली लागते. जेवताना सुगंधाने एवढंच सांगितलं की हे तिने पहिल्याच वर्षी कळवलं होतं. रमाकांत सरांना सांगितलं, त्यांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं होतं.

वर कोण, हे मी विचारलं नाही. वर मीच होते.

मोखाडा

मोखाड्याला दुसऱ्या दिवशी बाजार होता. रमाकांत सर बसने आले आणि पंचायत समितीजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. सुगंधा आमच्या शेजारी न बसता सुकट घ्यायला बाजारात गेली. मी त्या उत्तराबद्दल विचारलं तेव्हा सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांना तो जुना ईमेल शोधावा लागला नाही. तो त्यांनी जपून ठेवला होता.

त्यांचं पत्र लांब आणि नम्र होतं. दिवाळीनंतर मुलं स्थलांतर करतात, फॉर्मवर 'तात्पुरतं बाहेरगावी' असा पर्याय मिळेल का, अशी विनंती होती. खाली उत्तर दोन ओळींचं: रिकामी नोंद स्वीकारता येणार नाही. क्षेत्रपातळीवर योग्य तो तोडगा काढावा. त्याखाली माझं नाव आणि त्या वेळचं माझं पद.

मला ते लिहिल्याचं आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. बहुधा दोन बैठकांच्या मधे, कॉफी थंड होण्याआधी लिहिलं असेल. मी रमाकांत सरांना विचारलं की त्यांनी पुन्हा का नाही लिहिलं. ते म्हणाले, तोडगा काढायला सांगितलं होतं, सुगंधाने तो काढला, आणि मग मॅडमचं त्यावर कौतुक होऊ लागलं. कौतुकाच्या मध्ये कसं बोलणार. म्हणून तर ते मला राजवाडा दाखवत फिरत होते.

फोनला चांगली रेंज तहसील ऑफिसच्या आवारातल्या एका आंब्याखालीच मिळत होती. तिथे आधीच पाच-सहा जण कानाला फोन लावून उभे होते, पितरांशी बोलत असल्यासारखे. मीही त्यांच्यात उभी राहिले आणि आमच्या विभागप्रमुखांना फोन लावला. सज्जन माणूस. चौदा वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की अशा प्रसंगासाठी एक रूढ शब्द आहे, कर्मचाऱ्याचं गैरवर्तन. त्या एका बाईचे आकडे काढून टाकायचे, तिला काढून टाकायचं, एक पानाचं निवेदन द्यायचं. उरलेल्या पाड्यांवर विराम टिकतो का ते बघता येईल. तुझ्यावर काही येणार नाही, उलट तूच हे शोधून काढलंस असं होईल. मसुदा आजच पाठवतो.

मला मोह झाला. किती वेळ ते नीट सांगता येतं, कारण शेजारचा माणूस तेवढ्या वेळात आपल्या बहिणीला म्हशीच्या आजारपणाची सगळी हकिकत सांगून मोकळा झाला. बाजाराच्या टोकाला सुगंधा सुकटवालीशी घासाघीस करत होती. तिच्या पिशवीत वही होती. मी तिला ती आणायला सांगितली होती, आणि का ते तिने विचारलंही नव्हतं.

मी प्रमुखांना म्हटलं की फॉर्म मी बनवला होता आणि उत्तरही मीच दिलं होतं. त्यामुळे गैरवर्तन हा शब्द वापरायचाच असेल तर कर्मचारी बदलावा लागेल. ते म्हणाले, आठवडाभर विचार कर. मी म्हटलं, झाला.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे प्रवासाला परत जाता येईल. दोन्ही निबंध आम्ही मागे घेतले. इतर मापकांकडे चौकशी केली तेव्हा त्यांनीही थोड्याफार फरकाने तोच तोडगा काढलेला निघाला. माझा करार पुढे वाढला नाही. एका सहकारिणीने घरात कुणी वारल्यावर पाठवतात तसलं कार्ड पाठवलं, पांढऱ्या फुलांचं. विराम अजूनही अधूनमधून कुणाच्या तरी लेखात आढळतो, घटस्फोट झालेल्या जोडप्याच्या लग्नपत्रिकेसारखा. सेहेचाळीसाव्या वर्षी मी विषय बदलला, देश बदलला आणि नाशिकच्या एका छोट्या गटात रुजू झाले. आम्ही एवढंच बघतो की हिवाळ्यात मुलं कुठे जातात आणि त्यांचं लसीचं कार्ड, औषध, डॉक्टर त्यांच्यामागून जातात की नाही. माझं पद आता एका ओळीत मावतं. सुगंधाची नोकरी टिकली, आमच्या कामाचा आराखडा तिच्या वहीवरून बनला. तालुक्याबाहेर गेलेल्या मुलांची वेगळी यादी ठेवायला मंजुरी आली त्या दिवशी रमाकांत सरांचा ईमेल आला: तोडगा काढल्याबद्दल आभार.

शीतपेट्या मोखाड्याच्या बाजारातल्या सुकटवालीला दिल्या. तिने आत बघितलं, एक डबी उघडून वास घेतला, आणि मीठ ठेवायला बऱ्या आहेत म्हणाली.

वाड्याच्या खाली

परतीच्या विमानाला तीन दिवस होते. नियमाप्रमाणे मी जव्हारात बसून अहवाल लिहायला हवा होता. त्याऐवजी सुगंधाला विचारलं की वहीतली एखादी भट्टी दाखवशील का. तिने फळी खांद्याला लावली. मोखाड्याहून जीपने जव्हार, तिथून बसने विक्रमगड, वाडा, मग टमटम. घाट उतरताना गारठा संपला आणि अंगातला स्वेटर विनोदी वाटू लागला.

भट्टी दुरूनच दिसली. लाल धुळीत विटांच्या रांगा आणि रांगांच्या मागे विटाच रचून केलेल्या, कमरेएवढ्या खोल्या. मुनीम आडवा आला. त्याला मी सरकारी माणूस वाटले. सुगंधाने त्याला हिंदीत सांगितलं की ही माझी नणंद, परदेशात असते, भाच्यांना बघायला आली. मुनीमाने माझे बूट बघितले, चेहरा बघितला, नात्याचा बराच विचार केला आणि पाणी पिऊन जा म्हणाला.

रोशनी विटांच्या ढिगावर बसून डाव्या हाताने विटेचा तुकडा फिरवत तोंडाने गाडी चालवत होती. चार वर्षांची, केस धुळीने तांबडे, नाकाला शेंबूड. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. या मुलीच्या उंचीवर मी तासन्‌तास बोलले होते आणि ती डावखुरी आहे हे मला माहीत नव्हतं. तिची आई यशोदा चिखलाच्या विटा थापत होती. सुगंधाला बघून तिने हात पुसले आणि दोघी आपल्या भाषेत खूप वेळ बोलत राहिल्या. मधूनच दोघींनी माझ्याकडे बघितलं आणि यशोदा तोंडावर पदर धरून हसली. नणंदेचं कळलं असावं.

आधी तिचा नऊ महिन्यांचा मुलगा. तान्ह्या मुलाची लांबी निजवून मोजायची असते आणि त्याला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला आणि एक गुडघे दाबायला. मी यावर सूचनापत्रक लिहिलं होतं, चित्रांसह. प्रत्यक्षात गुडघे माझ्याकडे आले तेव्हा कळलं की पत्रकातलं मूल स्वभावाने शांत होतं. याने टाहो फोडला, पाय झाडले आणि माझ्या बाहीवर मुतला. अखेर नमुना मिळाला होता, फक्त चुकीचा. तीनदा वेगवेगळा आकडा आला. सुगंधाने माझे हात बाजूला केले, मुलाच्या पोटावर ओठ टेकवून फुर्र केलं, त्याचा पाय सैल पडला त्या क्षणाला तळाची पट्टी सरकवली आणि आकडा वाचला. पाच सेकंद लागले असतील.

मग रोशनी. तिला फळीला टेकून उभं केलं तर ती टाचा उचलून उंच होऊ लागली. सुगंधाने घोटे दाबले, पकड सैल पडताच टाचा पुन्हा वर. मी हसले, ती हसली आणि फळीवरून पळाली.

यशोदा हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. मग तिने मला विचारलं, "पावसात मोजता, दर म्हैन्याला मोजता. मंग थंडीत वाढतात का पोरां?"

चौदा वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. परिषदेत असता तर मी वीस मिनिटं बोलले असते. मी सुगंधाकडे बघितलं. ती पट्टीवरची धूळ पुसत होती, मदतीला येण्याचा तिचा विचार दिसत नव्हता.

"माहीत नाही," मी म्हटलं.

यशोदाला त्याचं नवल वाटलं नाही. तिने ढिगामागून रोशनीला बखोटीला धरून आणलं, फळीला टेकवलं आणि स्वतःच्या मातकट हातांनी तिच्या टाचा जमिनीला दाबून धरल्या.

"मंग आता नीट मोज," ती म्हणाली.